किट्टूमामांचं वादळ

आमच्या घरी दिवस उजाडायचा तो किट्टूमामांच्या खोकल्यानं. आधी खोकला, मग मागच्या अंगणात पाण्याच्या मोटरची घरघर, मग कॉफीच्या फिल्टरच्या झाकणावर अम्मा चमच्यानं दोन टिचक्या मारायची ते. अम्मा ओरत्तनाडुच्या सरकारी कचेरीत कामाला होती. तिचा डबा साडेसातला भरलेला लागे. बहुतेक दिवशी त्यात भात, पिठलं आणि तळलेले दोन अप्पळम, म्हणजे पापड, असत, आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी डांगर पचडी, कारण उडदाचं पीठ दह्यात कालवायला वेळ लागत नाही असं ती म्हणायची. डबा पिशवीत गेला की मामा मोपेड अंगणाबाहेर काढत आणि अम्माला मागे बसवून बस स्टँडवर सोडून येत. मामा म्हणजे अम्माचे थोरले भाऊ. त्यांनी लग्न केलं नाही. एका शाळेत वर्षानुवर्षं हिंदी शिकवून निवृत्त झाले आणि माझे अप्पा गेल्यावर दोन ट्रंका आणि ती मोपेड घेऊन आमच्याकडे राहायला आले. घरात पुरुषमाणूस हवा म्हणून आले असं नातलग म्हणत. मला वाटतं ते आले कारण त्यांना अम्माच्या हातची कॉफी आवडायची.

घरात आम्ही मराठी बोलतो. तंजावूरला पिढ्यान्‌पिढ्या राहून जी झाली आहे ती मराठी. भांडी, भाज्या, कपडे सगळे तमिळ नावांचे, रागावणं आणि देवाला हाक मारणं तेवढं मराठीत. मला सगळं समजायचं, त्यातलं अर्धं बोलता यायचं आणि वाचता काहीच यायचं नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची, दुसरी भाषा तमिळ. देवनागरी अक्षरं मला वाळत घातलेल्या कपड्यांसारखी दिसत, वर एक दोरी आणि खाली काहीतरी लोंबणारं. घरात ती फक्त मामांना येत होती. आम्हाला कधी गरज पडली नाही, आणि गरज नाही त्याची लाजही वाटत नाही.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात होते तेव्हा राजवाड्याच्या मागच्या बाजूला एका जुन्या दालनात ते प्रदर्शन आलं. एक परदेशी कादंबरीकार, जहाजांच्या आणि साहसांच्या गोष्टी लिहिणारा, आणि त्यानं आयुष्यभर पाहिलेला समुद्र. मामांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव ‘कप्पल दोरै’ ठेवलं, म्हणजे जहाजवाला साहेब, आणि आमच्या घरात त्याला दुसरं नाव राहिलंच नाही. जहाजांच्या प्रतिकृती होत्या, पितळी दुर्बिणी होत्या, त्याच्या हस्ताक्षरातली पत्रं होती, आणि एक खोली अशी होती की तिच्या भिंती गडद निळ्या रंगवलेल्या, दिवे मंद, आणि वरच्या स्पीकरमधून दिवसभर लाटांचा आवाज यायचा. कॉलेजमधून चार मुली लोकांना माहिती द्यायला घेणार होते. मला माणसांची भीती वाटते, अजून वाटते. पण अम्मानं अर्ज भरून टाकला. मुलगी कोणाशी बोलत नाही, उद्या नोकरीत काय करणार, एवढंच तिचं म्हणणं.

प्रदर्शनाचं काम पाहणाऱ्या मालती मॅडम चेन्नईहून आलेल्या. हळू बोलत, चष्मा कपाळावर ठेवत आणि तोच दिवसभर शोधत. त्यांनी माझं आडनाव वाचलं, राव, इथल्या मराठी घरांतलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. मला त्या निळ्या खोलीत घेऊन गेल्या. तिथे एका काचेच्या पेटीत देवनागरीत हातानं लिहिलेली एक वही उघडून ठेवलेली होती. मॅडम इंग्रजीत सांगत होत्या की ही इथल्याच कुणाच्या संग्रहातली. कप्पल दोरैच्या कुठल्याशा गोष्टीचा मराठी अनुवाद, इथल्या एका कारकुनानं फार पूर्वी केलेला, पण पहिली आणि शेवटची पानं गळून गेलेली, त्यामुळे हे गोष्टीतलं कुठलं प्रकरण ते कोणालाच ठाऊक नाही. मराठी जाणणाऱ्या माणसाची वाट पाहत होते, तू आमच्यासाठी वाचशील ना, असं त्यांनी विचारलं. मी मान हलवली.

ती मान मी का हलवली याचा मी पुष्कळ विचार केला आहे. खोटं बोलावं असं मनात नव्हतं. समोरच्या माणसाला नाही म्हणताना जो क्षण येतो, त्याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी विझतं, तो क्षण मला सहन होत नाही. आणि मराठी घरातल्या मुलीला मराठी वाचता येत नाही हे मॅडमच्या कल्पनेतही नव्हतं. त्यांनी त्या उघड्या पानाची रंगीत प्रत माझ्या हातात दिली. घरी येईपर्यंत तो कागद माझ्या घामानं ओला झाला होता.

मी तो मामांना दिला. त्यांनी भिंग घेतलं, खिडकीपाशी बसले, कागद डाव्या बाजूला लांब धरला आणि मान तिरकी केली, कावळा जमिनीवरचं काही पाहतो तशी. बराच वेळ भिंग पानावरून फिरवलं. मग म्हणाले, कारकुनाचं अक्षर गिचमिड आहे, उद्या सांगतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला समोर बसवलं आणि वाचून दाखवलं. वादळ होतं. काळे ढग, फाटलेली शिडं, डोलकाठीला मिठी मारून बसलेली माणसं. ‘कावेरीस पूर यावा तसें पाणी उभें राहिलें, आणि जहाज नारळाच्या करवंटीसारखें फिरूं लागलें.’ हे वाक्य मला अजून जसंच्या तसं पाठ आहे. मामा थोडं वाचत, मी इंग्रजी अक्षरांत लिहून घेई. त्यांना इतकं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं. अम्मा स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘अण्णा, तुम्ही असं वाचता तर शाळेत पोरं झोपत होती ती का?’ मामा म्हणाले, ‘तिथं वादळ नव्हतं गे. तिथं व्याकरण होतं.’

मी त्याचा सारांश इंग्रजीत लिहून मॅडमना दिला. त्यांना वादळ फार आवडलं. आठवड्याच्या आत पेटीवर तमिळ, इंग्रजी आणि हिंदीत पाटी लागली, ‘समुद्रावरील वादळ’, आणि खाली बारीक अक्षरांत वाचन म्हणून माझं नाव. अम्माला वाटलं मामांनी मला अक्षरं शिकवली, आणि तिनं तिच्या कचेरीत सगळ्यांना सांगितलं की मुलगी जुन्या पोथ्या वाचते. आणि रोज अकरा वाजता आणि तीन वाजता मी त्या पेटीपाशी उभं राहून, काचेवर बोट फिरवत, ते पान म्हणून दाखवू लागले. हो, म्हणून. बोट ओळींवरून जात असे आणि तोंड पाठ केलेलं बोलत असे. दारावरचे सेल्वम अण्णा मला चिडवायचे की तुझा आवाज स्पीकरमधल्या लाटांनाही ऐकू जात नाही, जरा त्यांच्याशी भांड. ऐकणारे सगळे तमिळ लोक. शाळांच्या सहली, सुट्टीवर आलेली कुटुंबं. कोणाला कळणार होतं?  तरीही मी घोळक्यात आधी चेहरे बघत असे. कोणाच्या कपाळावरचं कुंकू वेगळं दिसलं, कोणी नऊवारीत दिसलं की मी आवाज आणखी खाली नेई. त्या तीन आठवड्यांत मी किती वेळा ताप आल्याचं सोंग करायचं ठरवलं आणि किती वेळा सकाळी मुकाट्यानं मोपेडवर बसले याची गणती नाही. अम्माला सोडून आले की मामा मला सोडायला येत. संध्याकाळी साडेपाचला न्यायलाही तेच. रस्त्यात विचारत, ‘काय गे कुट्टी, आज किती लोकं भिजले?’

मग एका मंगळवारी तीनच्या वेळेला ती मंडळी आली. वीसेक जण, सांगलीकडची, मोठ्या कोविलातला, म्हणजे देवळातला, मराठी शिलालेख पाहून थेट आलेली. ती निळ्या खोलीत शिरण्याआधीच मला त्यांचं मराठी बोलणं ऐकू आलं. मॅडमही आल्या होत्या, खूश होऊन, कारण आज पहिल्यांदा माझं वाचन समजणारे लोक येणार होते. मी सुरुवात केली. पळून जाता आलं असतं तर गेले असते. सगळे शांत उभे राहिले, काहींनी फोन वर केले. एक वयस्क बाई पुढे आल्या, पांढरे केस आखूड कापलेले, गळ्यात दोरीला लावलेला चष्मा. त्यांनी तो डोळ्यांवर चढवला आणि काचेवर वाकल्या. त्यांचं बोट माझ्या बोटाच्या बाजूनं चालू लागलं. मी करवंटीच्या वाक्यावर आले तेव्हा त्यांचं बोट थांबलेलं होतं. पुन्हा वर गेलं, पुन्हा पहिल्या ओळीवरून निघालं. मी थांबले नाही. थांबले असते तर पुढचं आठवलंच नसतं.

टाळ्या झाल्या. मंडळी दुर्बिणींकडे सरकली. त्या बाई तिथेच राहिल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘बाळ, तू जे म्हणालीस ते इथं कुठं आहे गं?’

मॅडम माझ्या खांद्याशी उभ्या होत्या. त्यांनी इंग्रजीत विचारलं, काय म्हणतायत त्या? त्या खोलीत दोन्ही भाषा येणारी मी एकटीच होते, निदान मला तसं वाटलं. माझं पकडलं जाणं मीच भाषांतर करून सांगायचं होतं. वर लाटा फुटत होत्या. मी मॅडमना सांगितलं की त्यांना अक्षर फार आवडलं. बाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की त्यांना इंग्रजी चांगलं येतं. त्या मॅडमकडे बघून हसल्या. मॅडम मंडळींच्या मागे गेल्या.

‘तुला वाचता येत नाही,’ बाई म्हणाल्या. रागानं नाही, शाळेतल्या बाई फळ्यावरची चूक पाहून म्हणतात तशा. मी होय म्हटलं. मग कोणी सांगितलं हे सगळं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं माझ्या मामांनी वाचून दाखवलं, ते हिंदी पंडित आहेत, जन्मभर शिकवलं आहे. बाई थोडा वेळ पुन्हा त्या पानाकडे बघत राहिल्या. ‘इथं वादळाचा एक शब्द नाही,’ त्या म्हणाल्या. ‘अक्षर तर मोत्यासारखं आहे. ज्याला वाचता येतं तो असं चुकणार नाही. त्यांना दिसत नसेल गं.’

मग त्यांनी ते पान मला हळूहळू वाचून दाखवलं. मी ऐकत होते आणि नव्हतेही. माझ्या डोळ्यांसमोर ती तिरकी मान आली. ताटातलं मीठ चाचपून घेणारा हात. कॉफी ओतताना पेल्याच्या काठाला लावलेलं बोट, ज्याबद्दल अम्मा रोज ओरडायची. टीव्हीच्या अगदी कडेला ओढलेली खुर्ची. हे सगळं मी रोज पाहत होते. मी तर अशी मुलगी, जी बोलत नाही पण सगळं बघते, असं माझ्याबद्दल नातलग कौतुकानं म्हणत. मी बघत होते आणि मला काही दिसलं नव्हतं. आणि मग मला मोपेड आठवली. रोज सकाळी मागे बसलेली अम्मा आठवली, एक हात पिशवीवर, एक मामांच्या खांद्यावर. मघापर्यंत मला एकच भीती होती, आपण पकडले जाऊ ही. ती कुठे गेली ते कळलंच नाही. घड्याळात चार वाजायला आले होते. साडेपाचला मामा येणार होते.

मामांकडे फोन होता, पण तो घरी चार्जिंगला लावून ते निघत. तरी मी सहा वेळा केला. शेवटी पाचपासून फाटकाशी जाऊन उभी राहिले. रस्ता भरून वाहत होता, टाऊन बस, रिक्षा, शाळांच्या व्हॅन. प्रत्येक हॉर्नला मी फाटकाबाहेर मान काढून बघे. सेल्वम अण्णांनी विचारलं कोणाची वाट बघतेस एवढी, नवरदेवाची की काय.  मग मामा आले. भिंतीच्या अगदी कडेकडेनं, सावकाश, एक पाय जमिनीला जवळजवळ टेकवत. इतके दिवस मला वाटायचं म्हातारपणाची सावधगिरी. थांबले, आणि माझ्या चेहऱ्याच्या जरा उजवीकडे बघत म्हणाले, ‘बैस.’

मी बसले. हे लिहिताना मला अजून स्वतःचा राग येतो. सांगायचं ठरवून अर्धा तास उभी होते आणि तोंडातून शब्द निघाला नाही. मी त्यांच्या शर्टाला दोन्ही हातांनी धरलं आणि रस्त्याकडे पाहू लागले, जणू माझ्या बघण्यानं त्यांना दिसणार होतं. पहिलं वळण त्यांनी बरोबर घेतलं. तो रस्ता त्यांच्या अंगात होता. दुसऱ्या वळणानंतर एक सामानाची रिक्षा उभी होती. रोज तिथे काही उभं नसतं. तिच्या मागून लोखंडी सळया बाहेर आलेल्या, टोकाला लाल फडकं बांधलेलं. सरळ समोर. मामा वेग कमी करत नव्हते. ‘मामा!’ मी ओरडले, आणि माझा एवढा मोठा आवाज मी स्वतः पहिल्यांदा ऐकला. ब्रेक लागला, मोपेड तिरकी झाली, माझा गुडघा रस्त्याला घासला. ते लाल फडकं मामांच्या नाकापासून वीतभर लांब हलत होतं. त्यांनी हात पुढे केला आणि ते बोटांत धरून पाहिलं.

मी उतरले.  म्हटलं, ‘मामा, चालत जाऊ.’

‘का? काही झालं नाही.’

‘त्या पानावर वादळ नाही.’

मामांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. मागून येणारे लोक शिव्या देत बाजूनं जात होते. त्यांनी मोपेड रस्त्याच्या कडेला घेतली, मी दुसऱ्या बाजूनं हँडल धरलं, आणि आम्ही चालू लागलो. बरंच अंतर गेल्यावर त्यांनी विचारलं, कोण म्हणालं. मी सांगलीच्या मामींबद्दल सांगितलं, आमच्याकडे वयस्क बाईंना मामीच म्हणतात. त्यांनी सगळं वाचलं का, विचारलं. सगळं, मी म्हटलं. मग मामा अगदी वेगळ्या आवाजात म्हणाले, ‘काय आहे गे त्यात?’

मी त्यांना आठवेल तसं सांगितलं. वारा पडला आहे. जहाज समुद्राच्या मध्यावर उभं आहे, कालव्यातलं पाणी अडवल्यावर होडी उभी राहते तसं, असं त्या कारकुनानं लिहिलं होतं. किती दिवस झाले ते कोणी बोलत नाही. माणसं शिडं शिवत बसली आहेत, लागणार नाहीत हे ठाऊक असून. गोडं पाणी कमी होतं आहे आणि कप्तान रोज सकाळी वारा आहे का ते पाहायला बोट ओलं करून वर धरतो. मामा मधेच थांबवून विचारत, मग? मग काय लिहिलंय? पान तिथेच संपतं, मी म्हटलं. ‘यापेक्षा माझं वादळ बरं होतं,’ मामा म्हणाले. मी म्हटलं तुमचं वादळ तीन भाषांत पाटीवर लागलं आहे. त्यावर त्यांना हसू आलं, आणि हसण्याचा खोकला झाला.

केव्हापासून, मी विचारलं. पोंगलच्या आधीपासून, ते म्हणाले. मधलं जातं, कडेचं राहतं. तुझं तोंड बघायचं तर तुझ्या कानाकडे बघावं लागतं. डॉक्टरकडे गेले नव्हते, कारण डॉक्टर जे सांगेल ते त्यांना ठाऊक होतं, आणि मग अम्माला सकाळी कोण सोडणार. मी म्हटलं, निदान मला तरी सांगायचं होतं त्या दिवशी, कागद दिला तेव्हा. मामा म्हणाले, ‘तू या घरात मला पहिल्यांदा काही विचारायला आलीस. काय सांगू? दिसत नाही म्हणू?’

आज ज्या अक्षरांत मी हे लिहिते आहे ती मी त्यानंतर त्यांच्याकडूनच शिकले, मागच्या अंगणात, कोलमच्या, म्हणजे रांगोळीच्या, पिठानं काढलेली, हातभर मोठी. त्यांचा हात चुकत नसे. पण त्या संध्याकाळी हे काही माहीत नव्हतं. तेव्हा एवढंच होतं की घर जवळ येत होतं आणि आम्ही दोघंही सावकाश चालत होतो.

अम्मा दारात उभी होती, साडीचा पदर कमरेला खोचलेला. मोपेड ढकलत येताना पाहून म्हणाली, ‘काय झालं? पेट्रोल संपलं की?’

मामांनी मोपेड स्टँडला लावली. किल्ली काढली, अम्माचा हात कुठे आहे ते चाचपून पाहिलं आणि तिच्या तळहातावर ठेवली. ‘पेट्रोल आहे गे,’ ते म्हणाले. ‘माझे डोळे संपले.’

 अम्मा मूठ मिटून त्यांच्याकडे बघत राहिली, मग माझ्या खरचटलेल्या गुडघ्याकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. तिच्या चेहऱ्यावर मोपेडवरची एकेक सकाळ उलटी जाताना मला दिसत होती. तिनं ऑफिसात सांगितलेलं, शेजारी सांगितलेलं, माझं नाव लिहिलेल्या त्या पाटीचा तिनं काढून ठेवलेला फोटो, सगळं मला त्याच वेळी आठवलं. उद्या मालती मॅडमसमोर उभं राहायचं होतं ते वेगळंच. दुपारी जेवढी घाबरले होते त्याहून जास्त मी आता घाबरले होते. तरी चपला काढायच्या आधीच मी म्हटलं, ‘अम्मा, मलाही एक सांगायचं आहे.’